सत्तेचाळीस रिकामे खोके

१

घड्याळ गेलं, आणि तेही सगळे नियम पाळून गेलं.

शटर खाली होतं. कुलूप नवं कोरं होतं. काचेवरच्या जुन्या जाहिराती खरवडून काढलेल्या होत्या, आतला दिवा रात्रभर जळत होता, आणि गल्लीतला कॅमेरा पापणी न लववता जागा होता. तरीही सकाळी साडेदहाला घड्याळं दुरुस्त करणारे भिंगवाले खुर्चीतून उठले, दाराशेजारच्या उंच फळीकडे त्यांनी हात नेला, आणि तो हात तसाच वर ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. जणू कुणी त्यांना वर्गात उभं केलं होतं.

अकराला कलमबाई आल्या. हे नाव गल्लीनं ठेवलेलं. आधी पोलिसात असलेल्या या बाईंना व्यापारी संघानं छोट्या दुकानदारांना चोरीपासून सावध करायला नेमलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी दुकान न् दुकान फिरून चौदा कलमांचा एक कागद वाटला आणि प्रत्येकाच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं चिकटवला. तेव्हापासून त्यांचं खरं नाव कुणाला आठवेनासं झालं होतं.

"गेलं काय?" कलमबाईंनी विचारलं.

"मालकीणबाईंचं घड्याळ," भिंगवाले म्हणाले. डोळ्याला लावायचं भिंग ते बोटांत नुसतं फिरवत होते. "त्यांच्या धाकट्या बहिणीचं. ती परिचारिका होती ना, छातीवर टाचून उलटं लोंबतं तसलं. एवढंसं. मुठीत धरलं तर मूठ रिकामीच वाटेल. काल संध्याकाळी दुरुस्त झालं, चावी भरली, म्हटलं सकाळी ऐटीत नेऊन देतो."

मालकीणबाई म्हणजे या गल्लीतल्या साऱ्या गाळ्यांच्या मालकीण. त्या समोरच बसल्या होत्या, काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. रडत नव्हत्या. न रडणाऱ्या माणसाकडे पाहणं जास्त अवघड असतं.

"बहीण गेली त्याला नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "घड्याळ चार महिन्यांपूर्वी बंद पडलं. मला वाटलं, पुन्हा चालू झालं की घरात तिची थोडी चाहूल लागेल. जाऊ दे. कुणी नेलं ते तेवढं सांगा."

कलमबाईंनी भिंगवाल्यांना बाजूला घेतलं. "ठेवलं कुठं होतं?"

भिंगवाल्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमचं नववं कलम. मौल्यवान वस्तू कपाटात ठेवू नका, कुणी ढुंकून पाहणार नाही अशा फालतू जागी ठेवा. फळीवर जुने बुटांचे खोके पडलेत, माझ्या आधी इथं असलेल्या दुकानदाराचे. त्यातल्या एकात कापसात गुंडाळून ठेवलं, झाकणाला रबर लावलं, आणि बाकीच्या खोक्यांत सरकवून दिलं. आता फळीवर एकही खोका नाही बघा."

"हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. दहावं कलम, कुठे ठेवलंय ते कुणालाही सांगू नका. आत्ताही मालकीणबाईंना एवढंच बोललो की ठेवल्या जागेवरून गेलं."

इतका आज्ञाधारक दुकानदार कलमबाईंना आजवर भेटला नव्हता, आणि इतकी बेमालूम चोरीही.

"म्हणजे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं?"

भिंगवाले घुटमळले. "एकाला होतं. मी ठेवत असताना दारात बसून तो कुलपाला तेल घालत होता."

२

किल्लीदादाची जागा जिन्याखाली. उभं राहिलं तर डोकं पायरीला लागावं, म्हणून एकतीस वर्षं तो बसूनच होता. मागच्या भिंतीवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. वारा आला की सगळ्या मिळून हळूच किणकिणायच्या.

"या बाई, वाकून या. इथं मोठमोठी माणसं वाकतात," तो म्हणाला. नेहमीचा विनोद होता, पण आज त्याचाच त्याला आधार वाटेना.

"काल भिंगवाल्यांनी घड्याळ ठेवताना तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं." क्षणाचाही उशीर नाही. "खोक्यात ठेवलं एवढं पाहिलं. मग मी मान फिरवली. दुसरा माणूस वस्तू जपून ठेवत असला की आपण बघत राहू नये. आमच्या धंद्यात ते बरं दिसत नाही."

"आणि आज सकाळी?"

"दहाला त्यांनी शटर उघडलं तेव्हा गेलो होतो. तेल पुरलं का बघितलं, कुलूप दोनदा लावलं, दोनदा उघडलं, आलो."

"आत गेला होतात?"

"नाही. पण नाही म्हटलं तर तुम्ही मानणार कशाला? तीन आठवड्यांत गल्लीतली सगळी कुलपं तुमच्या सांगण्यावरून बदलली, आणि बदलली मी. आता प्रत्येकाला वाटतंय, याच्या बोटांना आपलं दार पाठ झालंय." कानस खाली ठेवून त्यानं हात पुसले. "मालकीणबाई म्हणाल्या, पाचपर्यंत उलगडा झाला नाही तर ही जागा खाली कर. रागानं नाही म्हणाल्या हो. रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो."

कलमबाईंची नजर खिळ्यांवरून फिरत होती. कोपऱ्यातल्या खिळ्यावर एक नवी, पिवळीजर्रद किल्ली होती. तिच्यावर खडूनं लिहिला होता सातचा आकडा. भिंगवाल्यांचा गाळा सात नंबरचा.

"दुसरं कलम वाचलं होतंत ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. "दुसऱ्याच्या दुकानाची किल्ली कुणीही जवळ ठेवायची नाही."

किल्लीदादाचा चेहरा पडला. "ती बिघडलेली आहे बाई. पहिली कापली ती चुकली. दात एक केसभर जास्त गेला. चुकलेली किल्ली मी टाकत नाही, समोर लावून ठेवतो. म्हणजे हात ताळ्यावर राहतो."

कलमबाईंनी किल्ली काढून घेतली, सात नंबरच्या दाराशी आल्या. सगळी गल्ली काम टाकून बघायला लागली. किल्ली कुलपात गेली. कलमबाईंनी मनगट वळवलं.

किल्ली फिरली.

३

अर्धीच फिरली, आणि अडकली. पुढं जाईना, मागं येईना. शेवटी किल्लीदादालाच बोलवावं लागलं. त्यानं कुलपाला कान लावला, किल्ली जरा वर उचलली, आतून काहीतरी टिचकी वाजल्यासारखं झालं आणि ती बाहेर आली.

"खोटं नव्हता बोलत तर, बिघडलेलीच आहे," कपडे शिवणाऱ्या शिवणमावशी दारातून म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यासारखी. दिसायला बरोबर, कामाला अर्धी."

कुणीतरी हसलं. कलमबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात एक गाठ होती, तिच्यावर आता दुसरी बसली.

त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. त्याचा पडदा चपला-बुटांच्या दुकानात, बूटमामांच्या गल्ल्यामागे ठेवलेला. कॅमेऱ्याला गल्ली दिसायची, पण सात नंबरचं दार शिवणमावशींच्या लांबलचक पाटीआड जायचं. पाटीखालून तेवढा शटरचा खालचा हातभर भाग आणि दाराशी येणाऱ्यांचे पाय दिसत.

रात्र त्यांनी भराभर पुढं पळवली. शटर काल ओढल्यापासून सकाळी दहापर्यंत खाली. मांजरसुद्धा तिथं थांबलं नाही.

म्हणजे चोरी रात्री झालीच नाही. दहा ते साडेदहात झाली, दिवसाढवळ्या, दुकानात माणूस बसलेला असताना.

दहाला शटर उघडलं. पाटीखालून पाय आले, पाय गेले. आधी किल्लीदादाचे, एक टाच झिजलेली. मग शिवणमावशींच्या चपला, त्या जराशा थांबल्या. सव्वादहाला बूटमामांचे चकचकीत बूट. ते दाराशी थांबले, त्यांच्या टाचा जमिनीवरून उंचावल्या, पुन्हा टेकल्या. मग बूटमामा पाटीबाहेर आले ते नेहमीसारखेच, हातांत खोक्यांची चवड इतकी उंच की वर नुसती टोपी दिसत होती. आणि साडेदहाला काठीचं टोक, म्हणजे मालकीणबाई.

कलमबाईंनी चारदा पाहिलं. लपवाछपवी कुणाचीच नव्हती. मान वळवून बघणारं, पदराखाली किंवा खिशात काही कोंबणारं, भरभर चालणारं कुणीच दिसलं नाही.

"भिंगवाले, दहा ते साडेदहा तुमच्या दुकानात कोण आलं?"

"आत कुणीच नाही. दारातून बोललं असेल कुणी. मी एका गजराच्या घड्याळात होतो."

'घड्याळात होतो' हे ते अगदी खरं बोलले. भिंग डोळ्याला लावलं की त्यांचं जग वाटाण्याएवढं व्हायचं. चार महिन्यांपूर्वी ते या गल्लीत आले, आणि अजूनही त्यांना शेजाऱ्यांचे आवाज ओळखू यायचे, चेहरे नाही.

आत कुणी आलं नाही. बाहेर कुणी चोरटं नाही. कुलूप फुटलं नाही. खोका मात्र नाही. कलमबाईंनी वहीत चार ओळी लिहिल्या आणि चौथीखाली रेघ मारली. रेघ वाकडी गेली.

४

शिवणमावशी मशीनवर बसूनच बोलत. पाय थांबला की त्यांचं बोलणंही थांबायचं.

"सकाळी भिंगवाल्यांच्या दारात उभ्या होतात?"

"होते की. कात्रीचा स्क्रू ढिला झालाय, म्हटलं आवळून द्या. त्यांनी हूं केलं. मी म्हटलं, संध्याकाळी द्या. हूं. म्हटलं, तुमचं दुकान पेटलंय. हूं." मशीनची धाव लागली. "अशा माणसाकडून घड्याळ न्यायला चोर कशाला हवा? सांगून न्यावं."

"त्यांच्या दुकानातून तुम्ही काही नेलंत का?"

"मी? मी काय नेणार त्यांचं?" मावशी दुखावल्या. "इथं कुणी कुणाचं काही नेत नाही, बाई."

त्या पुन्हा शिवणाकडे वळल्या आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणायला लागल्या. गाणं त्यांचंच होतं, मशीनच्या ठेक्यावर जन्मलेलं:

*सुई जाई पुढं पुढं, दोरा मागं मागं धावं,*
*फाटलेल्या कापडानं गं टाक्याटाक्यानं जुळावं.*

कलमबाई ऐकत राहिल्या. मावशींच्या मागच्या मांडणीवर बुटांचे लालसर खोके उभे होते, बटणांचे, हुकांचे, चेनचे, पोटावर चिठ्ठ्या लावलेले. नीटनेटकं दुकान होतं. नवव्या कलमासारखंच, त्यांना वाटलं, आणि उगाच बरं वाटलं.

बूटमामा चिडलेले होते. त्यांच्या दर्शनी काचेमागे लाल खोक्यांचा एक डोंगर रचलेला होता, पायऱ्यापायऱ्यांचा, वर एकच डाव्या पायाचा बूट.

"अठ्ठेचाळीस!" ते म्हणाले. "तुमच्या सहाव्या कलमापायी. म्हणे काचेत खरा माल मांडू नका, रिकामे खोके मांडा. बरं, मांडतो. सकाळपासून हमाली केली मी, बाई. कंबर धरलीय. आता तुम्ही काचेतून बघा, चोराला काय दिसेल?"

"काही नाही दिसणार."

"गिऱ्हाइकालाही तेच दिसतंय!"

"बूटमामा, सकाळी भिंगवाल्यांच्या दाराशी गेला होतात?"

"गेलो होतो. राम राम केला. हूं म्हणाले."

"तिथून काही नेलंत?"

"काही नाही." त्यांनी सरळ कलमबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "त्यांच्याकडं आहे काय न्यायला? काटे आणि पट्टे. आणि हे बघा, किल्लीदादाला तुम्ही उगाच धरलंय. माझ्या दुकानाची किल्ली तीस वर्षं हरवत आलीय, दर वेळी त्यानंच उघडून दिलं. चोरायचं असतं तर माझ्याकडं बूट उरले नसते."

"मग कुणी नेलं?"

"तेच कळत नाही," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी. होय ना?"

ते वाक्य गल्लीभर फिरलं. दुपारपर्यंत मावशींनी कात्रीची पेटी आत ओढून घेतली. बूटमामांनी गल्ल्याला किल्ली लावून ती खिशात टाकली, आणि हे करताना त्यांना कुणी पाहिलं नाही ना, ते पाहिलं. कलमबाईंची चौदा कलमं तीन आठवड्यांत जे करू शकली नव्हती ते एका घड्याळानं अर्ध्या दिवसात केलं. गल्ली खरीखुरी सावध झाली. आणि कलमबाईंना ती बघवेना.

५

चार वाजले होते. कलमबाई जिन्याखालीच एका पालथ्या डब्यावर बसल्या होत्या. शेजारी किल्लीदादा आवराआवर करत होता. खिळ्यावरून एकेक किल्ली उतरवून फडक्यावर मांडत होता, ओळीनं, मोठी आधी, धाकटी नंतर. कुणी सांगितलं नव्हतं, अजून तास होता. पण त्याला घाईघाईत निघायचं नव्हतं.

कलमबाईंनी वही मिटली. सगळं याच माणसाकडे बोट दाखवत होतं. जागा त्याला ठाऊक. कुलूप त्याचं. सकाळी दाराशी तो. आणि तरी त्यांचं मन मानत नव्हतं, आणि का मानत नव्हतं ते सांगता येत नव्हतं. पोलिसात असताना असलं मन त्या घरी ठेवून जात.

तेवढ्यात शिवणमावशी आल्या. किल्लीदादाकडे न बघता, डोळे पुसत, नाक ओढत त्या म्हणाल्या, "दादा, एवढा पसारा कशात भरणार आहेस? पिशवी देऊ?" आणि बोलता बोलता त्यांचा हात किल्लीदादाच्या डोक्यावरच्या फळीकडे गेला. तिथं दोन लाल खोके होते. एक उभा होता, एक आडवा पडलेला. त्यांनी आडवा उचलला, आतही न पाहता काखेत मारला, "माझ्या लेसा नुसत्या लोळतायत बाई," असं पुटपुटल्या आणि चालायला लागल्या.

किल्लीदादानं वर पाहिलंसुद्धा नाही.

कलमबाई मात्र उभ्या राहिल्या. डोकं पायरीला लागलं.

"मावशी! थांबा. ते काय नेलंत?"

मावशी वळल्या. "कुठं काय?"

"काखेत."

मावशींनी काखेकडे असं पाहिलं की जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "हा खोका होय! रिकामा आहे."

"विचारलं नाहीत?"

"रिकाम्याचं काय विचारायचं?" आता गोंधळायची पाळी मावशींची. "आडवा होता ना."

"आडवा म्हणजे?"

मावशी आणि किल्लीदादानं एकमेकांकडे पाहिलं. पावसाला ओलं का म्हणतात असं कुणी विचारावं, तसा तो प्रश्न होता.

"आडवा म्हणजे रिकामा," किल्लीदादा सावकाश म्हणाला. "उभा म्हणजे भरलेला. बूटमामांचे खोके गल्लीभर फिरतात, बाई. काम संपलं की आडवा करून फळीवर टाकायचा, ज्याला लागेल तो नेतो. कुणी ठरवलं ते ठाऊक नाही. मी आलो तेव्हाही असंच होतं."

"भिंगवाल्यांना हे कुणी सांगितलं?"

मावशींनी खोका काखेतून हातात घेतला.

"सांगायचं काय त्यात?" मावशी म्हणाल्या. पण आवाज निम्म्यातच विरला.

कलमबाईंच्या डोळ्यांपुढं पाटीखालचे चकचकीत बूट आले. टाचा उंचावल्या. टाचा टेकल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "किल्ल्या परत खिळ्यांवर लावा."

६

पाचला सगळे बूटमामांच्या काचेसमोर जमले. मालकीणबाईंना खुर्ची दिली. भिंगवाले भिंग कपाळावर सरकवून आले होते, उजेडात डोळे बारीक करत.

"माझी एक चूक आधी सांगते," कलमबाई म्हणाल्या. "मी सकाळपासून एकच विचारत होते. घड्याळ कुठे आहे हे कुणाला ठाऊक होतं? उत्तर एकच येत होतं, किल्लीदादा. म्हणून सगळा संशय त्याच्यावर. पण चोरीला काय गेलं ते बघा. भिंगवाले, सांगा आता सगळ्यांना. दहावं कलम मी माफ केलं."

भिंगवाले अडखळले. "घड्याळ बुटाच्या खोक्यात होतं. खोकाच गेला."

गर्दीत कुजबुज झाली.

"अख्खा खोका," कलमबाई म्हणाल्या. "घड्याळ मुठीत मावणारं. ज्याला ठाऊक होतं की ते आत आहे, तो रबर काढील, घड्याळ खिशात टाकील, झाकण लावील, खोका जागेवर ठेवील. खोका उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. हातभर लांबीचा लाल खोका दिवसाढवळ्या गल्लीतून कोण मिरवत नेईल? ज्याला खोकाच हवा आहे, तोच. ज्याला आत काय आहे हे ठाऊक नाही, तोच. म्हणजे या गल्लीतला एकच माणूस मी यादीतून आधी काढायला हवा होता. तो किल्लीदादा."

किल्लीदादा आपल्या हातांकडे बघत होता.

"आता, भिंगवाले, खोका फळीवर कसा ठेवलात? उभा की आडवा?"

"आडवा. बाकीचे तसेच पडलेले होते. म्हटलं, वेगळा दिसायला नको."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. बूटमामांची टोपी हळूच हातात आली.

"अरे देवा," बूटमामा म्हणाले. "आडवे होते म्हणून... मी तर सहा-सात एकदम... काचेला कमी पडत होते, म्हणून गल्लीतले सगळे आडवे गोळा केले. बाई, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं नाही बोललो! काही नेलंत का म्हणालात. मी म्हटलं, काही नाही. रिकामं नेणं म्हणजे नेणं असतं का?"

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. कुणीच बोललं नाही," कलमबाई म्हणाल्या. "आडव्या खोक्याचा रिवाज तुम्हा सगळ्यांना माहीत, पण घड्याळ खोक्यात आहे हे माहीत नाही. भिंगवाल्यांना घड्याळाचं माहीत, रिवाजाचं नाही. अर्धी गोष्ट इकडे, अर्धी तिकडे, आणि मधे मी, माझं दहावं कलम घेऊन. कुणाला सांगू नका. मीही सकाळपासून खोक्याचं नाव काढलं नाही."

"पण दादाला दोन्ही माहीत होतं की," मावशी म्हणाल्या. "खोका पण, रिवाज पण."

"मी मान फिरवली होती," किल्लीदादा म्हणाला. "ठेवला कसा ते पाहिलंच नाही. आणि भरलेला खोका कुणी आडवा ठेवील, हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं."

मालकीणबाईंनी काठीनं काचेकडे दाखवलं. "म्हणजे ते इथं आहे? या डोंगरात?"

"सकाळपासून दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांपुढं," कलमबाई म्हणाल्या. "मी दोनदा इथं उभी राहून गेले."

बूटमामा डोंगर उपसायला धावले. मालकीणबाईंनी त्यांना थांबवलं.

"धसमुसळेपणा नको. एखादा पडला तर? नाजूक आहे ते." मग त्या किल्लीदादाकडे वळल्या. दिवसभरात पहिल्यांदा. "तू कुलपांना कान लावतोस ना? लाव."

भिंगवाले घाईनं म्हणाले, "काल सातला पूर्ण चावी भरली होती. छत्तीस तास चालतं. चालू असायला हवं."

गल्ली गप्प झाली. मावशींनी मशीनवरून पाय उचलला होताच, आता त्यांनी हातातल्या बांगड्याही वर सारल्या. बूटमामांनी पंखा बंद केला. मालकीणबाईंनी काठी जमिनीवरून उचलून अधांतरी धरली.

किल्लीदादा काचेमागे शिरला. तिथंही वाकावंच लागलं. एकेका खोक्याला तो हलकेच कान लावत गेला. खालची ओळ. दुसरी ओळ. झोपलेल्या लेकराच्या पोटावर कान ठेवून श्वास ऐकावा तसा. तिसऱ्या ओळीत चौथ्या खोक्यापाशी तो थांबला. पुढं गेला. परत मागं आला. आणि त्याचे डोळे मिटले.

त्यानं नुसती मान डोलावली.

खोका काढला तेव्हा तो सरळ, दोन्ही हातांनी उभा धरून त्यानं मालकीणबाईंच्या मांडीवर ठेवला. रबर त्यांनीच काढलं. कापूस बाजूला केला आणि घड्याळ कानाशी नेलं. त्या म्हणाल्या, "तिला घाई असायची. घड्याळाचाही आवाज तसाच आहे, बघा."

मग त्यांनी वर पाहिलं. "जागेचं मी बोलले ते—"

"तुम्ही रागानं बोलला नव्हतात," किल्लीदादा म्हणाला. "तेच जास्त लागलं. पण आता राहू दे."

"राहू दे कसं? ऐक माझं. मी चुकले. या सगळ्यांसमोर सांगते, चुकले."

किल्लीदादानं गुडघ्यावरची धूळ झटकली. झटकून झाली तरी झटकत राहिला.

७

संध्याकाळी निघताना कलमबाई प्रत्येक दुकानात शिरल्या आणि भिंतीवरच्या कागदावर दहाव्या कलमापुढं पेननं चार शब्द वाढवत गेल्या: 'शेजारच्या एकाला मात्र सांगा.' शिवणमावशींनी विचारलं, "म्हणजे कलमं चौदाच राहिली का?" कलमबाई म्हणाल्या, "साडेचौदा." मावशींनी मशीन सुरू केली, आणि ती कात्रीची पेटी, जी दुपारी आत ओढली होती, पायानं पुन्हा बाहेर सारली.

जिन्याखाली दिवा होता. किल्ल्या पुन्हा खिळ्यांवर होत्या, फक्त ओळ बदलली होती, घाईत लावल्यामुळे. भिंगवाले तिथं वाकून उभे होते. भिंग घरी विसरल्यासारखे दिसत होते, म्हणजे किल्लीदादाचा चेहरा ते नीट बघत होते.

"मी तुमच्याकडे बोट दाखवलं," ते म्हणाले.

"दाखवलंत. ठाऊक होतं तेवढंच सांगितलंत."

भिंगवाल्यांनी खिशातून काहीतरी काढलं आणि पुढं केलं. सात नंबरची दुसरी किल्ली, चांगली, पूर्ण फिरणारी.

"ही तुमच्याकडे असू दे."

किल्लीदादानं हात पुढं केला नाही. जिन्याच्या वळणावर थबकलेल्या कलमबाईंकडे त्यानं पाहिलं. "दुसरं कलम मोडतंय, बाई."

कलमबाईंनी पर्स उघडली आणि आत बराच वेळ काहीतरी शोधलं. दुसरा माणूस वस्तू जपून ठेवत असला की आपण बघत राहू नये.

मागं खिळ्यावर किल्ली अडकल्याचा बारीक आवाज आला, बिघडलेल्या किल्लीच्या शेजारी. मग वारा आला, आणि सगळ्या मिळून किणकिणल्या.